पुढचं अक्षर?

"बुडाली! होडी बुडाली!" टिकलीने टाळ्या पिटल्या.

"कशी बुडेल?" शंकासुर उसळला. "शब्द 'कासव' होता ना? मग मी 'क' दिल्यावर हा मठ्ठ डबा 'चुकलं' का म्हणाला?"

"डबा मठ्ठ नाही रे, मीच मठ्ठ," ताई स्क्रीनवर नाक टेकवून म्हणाली. "अक्षर सापडलं तर 'चुकलं' म्हण, असं मीच त्याला सांगून ठेवलंय. सगळं उलटं! तो बिचारा सांगितलं तेवढंच करतो."

"म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणा."

ताईने त्याला कोपराने ढोसलं.

ताई तेरा वर्षांची. प्रोग्रॅम लिहायला ती या सुट्टीतच शिकायला लागली होती, आणि हा तिचा पहिला खेळ होता. कॉम्प्युटर एक शब्द मनात धरणार, त्याच्या जागी रेघा दाखवणार आणि विचारणार, 'पुढचं अक्षर?' चुकत गेलं की होडी थोडी थोडी बुडणार. शंकासुर तिचा चुलतभाऊ. खरं नाव घरातही कोणी घेत नसे, इतक्या शंका काढायचा. आणि टिकली ही ताईची धाकटी बहीण. ती अजून जोडाक्षरांपर्यंत पोचली नव्हती, पण ओरडण्यात दोघांच्या पुढे होती.

तिघं बसली होती आजोबांच्या खोलीत, अगदी मधोमध, पंख्याखाली. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, आणि विजेचा बोर्ड तिथवरच पोचत होता. खिडकीशी खाटेवर आजोबा होते.

आजोबा घड्याळजी होते. चौकाजवळच्या दुकानात भिंग डोळ्याला लावून बसत आणि चाकांशी बोलावं तसं पुटपुटत. मग थंडीत एका सकाळी ते दुकानातच कोसळले. तेव्हापासून हात नाही, पाय नाही, जीभ नाही. फक्त डोळे आणि पापण्या हलत. डॉक्टर म्हणाले होते, ते आपोआप होतं, त्याला अर्थ नाही.

"ताई, बघ," शंकासुर हळूच म्हणाला. "पुन्हा."

आजोबांचे डोळे छताकडे लागले होते. पापण्या घट्ट मिटत होत्या, उघडत होत्या, पुन्हा मिटत होत्या. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर ओघळत होतं.

तेवढ्यात आजोबांची देखभाल करणाऱ्या मावशी आत आल्या. "पुन्हा सुरू झाला का तुमचा कालवा? बघा, कसे कासावीस झालेत! चला, उठा, बाहेर!"

मागोमाग काकाही दारात आले. काका म्हणजे शंकासुराचे बाबा. वाईट माणूस नव्हता तो, पण फार थकलेला होता.

"त्यांना काय त्रास होणार, मावशी?" ते म्हणाले. "आत कोणी नाहीये आता. रिकामं घर आहे नुसतं. उद्या त्यांना कायमचं न्यायला संस्थेची गाडी येतेय, तोवर सांभाळायचं." आणि आजोबांचं दुकान विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत ते निघून गेले.

ताईने आजोबांकडे पाहिलं. पापण्या थांबल्या होत्या.

बाहेर व्हरांड्यात शंकासुराने विचारलं, "आपल्या आवाजाचाच त्रास होतो हे कशावरून?"

"मावशी म्हणाल्या म्हणून."

"तुझा खेळ चुकतो तेव्हा तू काय करतेस?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलून बघते," ताई म्हणाली, आणि उठलीच. "चल!"

आधी तिघांनी दारात उभं राहून घसा फुटेस्तोवर पाढे म्हटले. आजोबा शांत. मावशी मात्र स्वयंपाकघरातून झाडू घेऊन धावल्या! त्या परत गेल्यावर शंकासुर एकटाच चोरपावलांनी आत शिरला आणि चटईवर मधोमध बसला. तोंडातून चकार शब्द नाही.

पापण्या मिटू लागल्या. घट्ट. पुन्हा, पुन्हा.

तो सरकत भिंतीशी गेला. पापण्या थांबल्या.

"ताई," तो दाराकडे वळून म्हणाला, "आत कोणी आहे."

ताईने लॅपटॉप उचलला, खाटेजवळच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वयंपाकघरातला दुसरा बोर्ड आणून आधीच्या बोर्डाला जोडला. "त्यांना काय सांगायचंय, ते त्यांनाच विचारू. आपला खेळ उलटा करायचा," ती म्हणाली. "शब्द कॉम्प्युटरच्या मनात नाही, आजोबांच्या मनात. तो अक्षरांच्या ओळी दाखवेल. आधी ओळ निवडायची, मग त्यातलं अक्षर. काना-मात्रा, अनुस्वार शेवटच्या ओळीत. डोळे घट्ट मिटले म्हणजे 'हो'."

"आणि होडी?"

"होडी काढून टाकते. इथे कोणी बुडायचं नाही."

दुपारभर ती ओळी खोडत आणि लिहीत राहिली. आधी अक्षरं इतकी बारीक आली की तिलाच दिसेनात. मग 'क'ची ओळ संपेचना. शंकासुर मागून शंका काढत राहिला, आणि नवल म्हणजे एकदाही ती त्याच्यावर ओरडली नाही. टिकली कंटाळून चटईवर गेली आणि बाहुलीला झोपवू लागली.

"एक राहिलंय," ताई म्हणाली. "सगळ्या रेघा भरल्या की खेळ संपायचा. आता रेघाच नाहीत. शब्द संपला हे याला कळणारच नाही, तो विचारतच बसेल. ते दुरुस्त करू का?"

"नंतर कर! गाडी उद्या येतेय!"

शंकासुर आजोबांच्या कानाशी वाकला. "आजोबा, ऐकू येतंय ना? ओळ आली की डोळे मिटा. घट्ट."

स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. क... च... ट... त... प...

पापण्या मिटल्या.

ताईने कळ दाबली. प. मग अनुस्वार. मग ख. मग काना.

"पंखा!" शंकासुर ओरडला. "आजोबा 'पंखा' म्हणाले! बाबा! बाबा, या लवकर!"

काका धावत आले. स्क्रीन बघितली, मुलांकडे बघितलं. "ही कसली थट्टा लावलीय त्यांची?"

"थट्टा नाही काका, त्यांनीच लिहिलंय! शपथ!"

मावशी मागून डोकावल्या. "अगंबाई! उकडत असेल हो त्यांना. थंडी बाधेल म्हणून आम्ही पंखा हळू ठेवतो ना!"

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. "अण्णा, उकडतंय होय? मग हे घ्या!" त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंखा घरघरला आणि टक टक वाजत वेग घेऊ लागला. "झालं ना? आता बंद करा तो खेळ. डोळे शिणतील त्यांचे."

पण आजोबांच्या पापण्या वेड्यासारख्या मिटत होत्या. आणि स्क्रीनवर ओळ झळकत होती: पुढचं अक्षर?

"काका, थांबा. संपलं नाहीये," ताई म्हणाली.

"संपलं, पोरी! 'पंखा' म्हणजे पंखा!"

"ते आपण ठरवलं. त्यांनी नाही!"

काका चिडले, पण ताईने कळ सोडली नाही. ओळी सरकल्या. प. पुढे ड. आजोबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. एकदा वर बघत, एकदा टिकलीकडे. वर, आणि टिकलीकडे.

शंकासुराने त्यांच्या नजरेमागोमाग मान वर केली. छताचा हूक झाकणारी पंख्याची वाटी खाली घसरली होती. दांडी हुकापाशी गदगदा हलत होती.

"टिकलीऽऽ!"

त्याने चटईवर झेप घेतली, टिकलीचा पाय धरला आणि ओढला. टिकली किंचाळली. वर काहीतरी कडाडलं आणि पंखा खाली आला.

टिकली भोकाड पसरून रडू लागली.

चटई मधोमध फाटली होती. बाहुलीचं डोकं पात्याखाली चेपलं होतं. शंकासुर भिंतीशी बसून आपल्या हाताकडे बघत होता. कोपरापासून मनगटापर्यंत चिरला होता हात, आणि तो रडायचंही विसरला होता.

संध्याकाळी टाके घालून त्याला घरी आणलं, तेव्हा वायरमन शिडीवर होता. "हुकाचा बोल्ट पार झिजलाय," तो म्हणाला. "बाहेर सरकत आला असणार बरेच दिवस. खालून वाटीमुळे कोणाला दिसलं नसतं. त्या खाटेवरून मात्र दिसतं."

बरेच दिवस एक माणूस तो बोल्ट सरकताना बघत होता, खाली नातवंडं खेळत होती, आणि तो ओरडत होता, पापण्यांनी. त्याच्यासमोर बसून सगळ्यांनी चहा प्यायला होता.

डॉक्टर आले. त्यांनी खेळ दोनदा चालवून पाहिला आणि चष्मा काढून पुसत राहिले. "शाब्बास," ते ताईला म्हणाले. "हे आम्हाला सुचायला हवं होतं." मावशींनी टिकलीला छातीशी धरून तिघांची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. ताईला मात्र काही आनंद होईना. तिला सारखी ती चेपलेली बाहुली दिसत होती.

काका खाटेशी स्टुलावर बसले.

"अण्णा," ते म्हणाले, "काही हवंय का? काहीही सांगा."

ताईने लॅपटॉप समोर धरला. ओळी सरकू लागल्या. आजोबा थकले होते, मध्येच डोळे उघडे राहत, आणि ओळी पुन्हा पहिल्यापासून येत. कोणीही शब्द ओळखायची घाई केली नाही. शंकासुरानेही नाही.

मी आत आहे

काकांनी ते वाचलं. मग त्यांनी आजोबांचा निर्जीव हात उचलून आपल्या कपाळाला लावला आणि तसेच बसून राहिले. जरा वेळाने ते उठले, दारात गेले आणि फोनवर म्हणाले, "उद्या गाडी पाठवू नका. नाही... नाही, पुढेही नको." मग त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. "दुकान विकायचं राहू दे."

"ताई," शंकासुर बांधलेला हात सावरत कुजबुजला, "तो थांबतच नाही, ती चूक दुरुस्त करायची राहिलीय अजून."

ताईने स्क्रीनकडे पाहिलं. तिथे ओळ तशीच झळकत होती.

पुढचं अक्षर?

"राहू दे," ती म्हणाली आणि खुर्ची आजोबांच्या आणखी जवळ ओढली.