नकलेचे दिवस मोजत नाहीत

विश्वास ठेवू नका, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचे कष्ट वाचतील. ही गोष्ट आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिलाय. पण घडलं ते घडलं.

दिवाणी कोर्टाच्या नक्कल विभागात एक तरुण कारकून होता. नोकरीला तीन महिने झालेले, मिसरूड नोकरीपेक्षा थोडं जुनं. निकालांच्या प्रती काढायच्या, शिक्के मारायचे, खिडकीतून द्यायच्या, एवढंच काम. एका दुपारी जाळीपलीकडे दोन हात आले. नखांच्या कडांना वाळलेली खळ. मग चेहरा आला, आणि कारकुनाचा शिक्का कागदाऐवजी स्वतःच्याच मनगटावर बसला.

"निकालाची नक्कल हवीय," ती म्हणाली. "लवकर. वीस दिवस तर गेलेच."

"मग इतके दिवस...?"

"बाबा अपील करायला तयार नव्हते. काल झाले."

बाबा बुकबाइंडर. चाळीस वर्षं ज्या खोलीत पुस्तकं बांधली, ती रिकामी करून मालकाला द्या, असा निकाल लागला होता. खोली गेली की शिवणयंत्र, प्रेस आणि बाबा, तिघंही रस्त्यावर. अपिलाची मुदत तीस दिवस. हातात उरले दहा.

कारकुनाने छाती पुढे काढली. "काळजी करू नका. नकलेचे दिवस मोजत नाहीत."

"म्हणजे?"

"अर्ज केल्यापासून नक्कल हातात पडेपर्यंतचे दिवस मुदतीत धरतच नाहीत. नियम आहे तसा."

घोळ झाला तो इथेच. नियम होता, पण पठ्ठ्याला अर्धाच पाठ होता. नक्कल *तयार* होईपर्यंतचे दिवस सुटतात. एकदा तयार झाल्याची तारीख पडली, की तुम्ही ती न्या नाहीतर तिच्यावर पापड वाळवा, दिवस धावू लागतात.

नक्कल तिसऱ्या दिवशी तयार झाली. मागे तारीख पडली. कारकुनाने ती उलटसुलट करून पाहिली. ही एकदा तिच्या हातात पडली, की ती कशाला परत येतेय या जाळीपाशी? त्याने नक्कल ड्रॉवरमध्ये सारली आणि खिडकीत म्हणाला, "शेवटचं पान राहिलंय. उद्या या."

ती दुसऱ्या दिवशी आली.

"झाली?"

"शेवटचं पान राहिलंय..."

"काल पण शेवटचंच राहिलं होतं."

"निकाल लांबलाय हो. न्यायाधीशांना लिहिताना हात आवरला नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला आवरतोय — अजून तरी."

ती हसली नाही. पण लगेच गेलीही नाही. जाळीवरची धूळ बोटाने पुसत उभी राहिली, आणि तेवढ्यावर त्याची रात्रीची झोप उडाली.

पुढे ती त्याला उद्याराव म्हणू लागली. तो मनाला समजवायचा, आपण काय वाईट करतोय, फुकटचे दिवसच तर देतोय तिला. पण ती रोज थोडी सुकत होती. एकदा जाळीत बोटं अडकवून म्हणाली, "बाबा जेवताजेवता उठतात आणि यंत्राला तेल घालतात. कुठे परगावी पाठवायचं असल्यासारखं."

त्याचा हात ड्रॉवरकडे गेला... आणि मागे आला. उद्या, तो मनात म्हणाला. उद्या नक्की.

नक्कल तयार झाल्याच्या दहाव्या दिवशी दुपारी तीनला हेडक्लार्कने कसलातरी कागद शोधायला तो ड्रॉवर उघडला. "ही कुणाची रे? तयार होऊन दहा दिवस झाले. आज संपतेय बिचाऱ्याची मुदत."

"पण सर, नकलेचे दिवस..."

"तयार होईपर्यंतचे, शहाण्या."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. अपील दाखल करायची खिडकी साडेचारला बंद. नक्कल पोटाशी धरून तो धावत सुटला, तो थेट बाइंडिंगच्या खोलीत. त्यांच्या वकीलकाकांनी अपील लिहून ठेवलेलं होतं. अडलं होतं ते नकलेपायी. ती एक वही शिवत होती.

"नक्कल... तयार होती. दहा दिवसांपासून."

तिची सुई थांबली. "का?"

"दिली असती, तर तुम्ही परत आला नसता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे तो आपल्या चपलांकडे बघू लागला. चपला निरनिराळ्या होत्या, एक हेडक्लार्कची.

"आता बोलू नका," ती म्हणाली. "कागद घट्ट धरा."

तिने अपील शिवलं, बाबांनी सही केली आणि दोघं धावत निघाली. साडेचारला एक मिनिट कमी. दाखल करून घेणारा खिडकीची फळी ओढायला उठला. तेवढ्यात तिच्या बाहीवरची कागदाची धूळ त्याच्या नाकात गेली. तो शिंकला. फळीला हात लावला, पुन्हा शिंकला. मोजून सत्तावीस शिंका — फळी काही त्याला ओढता येईना. सत्ताविसाव्या शिंकेसरशी शिक्का उडाला तो थेट अपिलावर. अपील मुदतीत. तिने हसून कारकुनाचा हात धरला, आणि...

"खोटं."

कोपऱ्यात पुठ्ठा कापत बसलेल्या आमच्या हिने कात्री खाली ठेवली.

"एकसुद्धा शिंक नाही. फळी आमच्या तोंडावर पडली होती. एक दिवस उशीर झालाच."

"अगं, गोष्ट आहे..."

"उशीर माफ व्हायला कारण द्यावं लागतं. वकीलकाका म्हणाले, बाबा आजारी होते असं लिहू. तुम्ही नाही म्हणालात. भर कोर्टात उभं राहून सांगितलंत, नक्कल तयार होती, ही रोज दिसावी म्हणून मी दिली नाही. शिक्षा मला करा, यांची खोली घेऊ नका. सगळं कोर्ट हसलं. उशीर माफ झाला, पुढे अपीलही जिंकलो. तुमची नोकरी मात्र गेली, म्हणून तर या खोलीत बाइंडिंग शिकायला बसलात. हे सोडून शिंका कसल्या सांगता?"

मी सुईत दोरा ओवू लागलो.

"सत्तावीस शिंकांवर कुणी लग्नाला उभं राहतं का?"