दोन चाळीसची नोंद

खर्डीच्या पेठेतली दुकानं मिटली की नथूकाकांच्या ओट्यावर पोरं जमायची. एका रात्री सुपारी कातरता कातरता काका म्हणाले, "हरेश माज्या भाच्याचा मित्र. त्याच्याच तोंडून ऐकलंय. उगाच ऐकीव नाय." आणि सांगू लागले...

मागच्या सालची सर्वपित्री अमावास्या. रविवार. अंधार पडताना हरेश मोटारसायकलवरून डोंगरपाड्यावर निघाला. काम साधं होतं. तिथल्या आरोग्य उपकेंद्रातला इंटरनेटचा डबा रोज रात्री दोन चाळीसला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. का, ते शोधायचं. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. रात्री अडलेल्या बाईसाठी गाडी बोलवायची तर तेवढा डबाच आधार. आणि हरेशची बायको दामिनी पहिल्या बाळंतपणाला त्याच पाड्यावर माहेरी आलेली. दिवस भरत आलेले.

नर्स जनीताईंनी कुलूप उघडलं. "बायकोसाठी आलास का डब्यासाठी रे?"

"दोघांसाठी, ताई."

हरेशनं निळी केबल जोडली. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला. असा डबा बंद पडताना काय काय घडलं ते पोटात जपून ठेवतो. मागितलं की दाखवतो. चौदा नोंदी निघाल्या. पितृपक्ष लागल्यापासूनची एकही रात्र सुटली नव्हती. सवयीनं त्यानं प्रत्येक नोंदीची फक्त शेवटची ओळ पाहिली.

पुन्हा चालू करणारा: गोमा.

"काय रे, घाम का आला?" जनीताईंनी विचारलं.

गोमा म्हणजे हरेशचा उस्ताद. सगळं काम त्यानंच शिकवलं. "पोथीपण शेवटच्या पानापासून वाचतोस काय रे?" म्हणून चिडवायचा. आषाढात खांबावरून पडला आणि गेला. मागे मूलबाळ नाही. त्याच्या नावानं आज पान ठेवायचं हरेशच्या मनात होतं. कामाच्या धांदलीत राहून गेलं.

कुणीतरी त्याचा पासवर्ड चोरला असणार... हरेशनं मनाची समजूत घातली. डबा बंद-चालू करायची मुभा असलेल्यांची नावं डब्यातल्या यादीत असतात. त्या यादीतून गोमाचं नाव पुसलं. तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मग सासऱ्यांच्या घरी जाऊन झोपला.

दोन वाजता दामिनीला कळा सुरू झाल्या. आणि रक्त. बाजेवर घालून तिला उपकेंद्रात आणली.

जनीताईंनी एकदाच पाहिलं. "इथं जमायचं नाय. गाडी बोलाव."

हरेशनं डब्याच्या इंटरनेटवरून फोन लावला. घंटी गेली... तुटली.

दोन अडतीस.

डब्यावरचे दिवे गोठल्यासारखे. एकही लुकलुकेना. त्यानं केबल जोडली, हुकूम टाइप केला. अक्षर उमटेना. विजेचं बटण लोखंडी पेटीत, तिची किल्ली शहापूरच्या ऑफिसात. कोपऱ्यात दामिनीची आई देवीला नवस बोलत होती.

"अवो..." दामिनी म्हणाली.

दोन एकोणचाळीस.

रोज हा असाच गोठत असेल? रोज कुणीतरी याला उठवत असेल? आणि त्याचंच नाव मी...

"गोमादादा," हरेश हळूच म्हणाला. "चुकलो."



दोन चाळीस.

टक्.

सगळे दिवे विझले.

मग एक हिरवा लागला... मग दुसरा.

चार मिनिटांनी फोन लागला. खर्डीहून गाडी आली. पहाटे शहापूरला मुलगी झाली, घटस्थापनेच्या दिवशी. मायलेकी सुखरूप.

काकांनी सुपारी तोंडात टाकली.

"मंग?" पोरांतल्या मनस्वीनं विचारलं.

मग काय. दुपारी हरेश परत पाड्यावर गेला. तिथी उलटली होती, तरी उपकेंद्राच्या दाराशी त्यानं गोमाच्या नावानं पान ठेवलं. हात जोडले. मग केबल लावली. या खेपेला नोंदी पहिल्या ओळीपासून वाचल्या. दर रात्री दोन अडतीसला डबा गोठलेला. दोन मिनिटांनी कुणीतरी उठवलेला.

पंधरावी नोंदही होती. पुन्हा चालू करणारा: गोमा.

त्यानं यादी पाहिली. यादीत ते नाव नव्हतं.

प्रत्येक नोंदीत कारण लिहायला एक जागा असते. चौदा नोंदींत ती कोरी होती. पंधराव्या नोंदीत इंग्रजी अक्षरांत तीन शब्द होते...

हरेश, वरनं वाच.