गळणारा तिसरा इंजेक्टर

बंद गाडीतून पेट्रोलचा वास येतोच कसा? अकरा वर्षांच्या रेवा शेलारला हे कोडं काही केल्या सुटेना.

सन २०६८ होतं. रस्त्यावर सगळ्या गाड्या विजेच्या. साताऱ्याच्या वाहन संग्रहालयात मात्र पेट्रोलची एक लाल गाडी अजून चालत होती. हल्ली तीही सुरू व्हायला कुरकुरायची आणि सुरू झालीच, तर काळा धूर ओकायची. "शनिवारपर्यंत सुधारली नाही, तर इंजिन काढून टाकू," असं संचालकबाईंनी बजावलं होतं.

रेवाचे आबा, म्हणजे आजोबा, एकेकाळी इंजिनांवर संशोधन करायचे. शुक्रवारी ते रेवाला घेऊन गाडीपाशी आले. मदतीला होता चिमटा, संग्रहालयाचा यंत्रमानव.

"इंजेक्टर (इंधन फवारणारी बारीक तोटी) बघू," आबा म्हणाले. "इस्त्री करताना आपण कपड्यावर पाणी फवारतो ना? तसं पेट्रोलही धुक्यासारखं उडायला हवं. धुकं हवेत मिसळतं आणि पुरतं जळतं. थेंब पडले, तर अर्धवट जळतात."

"म्हणून काळा धूर!" रेवा ओरडली. "आणि गाडी बंद असताना थेंब गळले, तर वास!"

"कोणता गळतोय, ते कसं शोधशील?"

रेवाने इंजिनावरचे इंजेक्टर मोजले. "चारही इंजेक्टरांखाली एकेक बाटली धरू."

आबांनी आधी बॅटरीची तार काढली, इंधनाच्या नळीतला दाब सोडला. चारही इंजेक्टर नळीसकट बाहेर आले. चिमट्याने हातपंप मारून नळीत दाब दिला. तीन बाटल्या कोरड्या राहिल्या. तिसऱ्या इंजेक्टरखालच्या बाटलीत मात्र टप्... टप्...

नवा इंजेक्टर आबांच्या पेटीत होता. तो त्यांनी रेवाच्या हाती दिला. "तूच बसव," ते म्हणाले.

रेवाने इंजेक्टरवरच्या, गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांना तेलाचं बोट लावलं, इंजेक्टर सरळ दाबला.

"बसला," चिमटा म्हणाला.

"नाही. कडं दुमडलंय." तिच्या बोटांना ते जाणवलं होतं. तिने तो काढला, नवं कडं चढवून पुन्हा बसवला. सगळं जोडून पुन्हा दाब दिला. एक थेंबही गळला नाही.

शनिवारी संचालकबाईंसमोर रेवाने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धूर नाही, वास नाही.

"कुणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या नातीनं," आबा म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता.

रेवाची मानही ताठ झाली. "आबा, चंद्रावर जाणाऱ्या यानातही इंजेक्टर असतात?"

"शेकडो असतात. इंधन तिथंही फवारावंच लागतं."

"मग मला ते बघायचेत," रेवा म्हणाली, आणि हातांचं तेल पुसायचंही विसरली.