चौदा मीटर

मोडेम उठसूट बंद-चालू करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. कमलकाकू तसलं काही करत नसत. लाईन गेली की त्या मोडेमसमोर खुर्ची ओढून बसत आणि दिवा हिरवा होईपर्यंत वाट बघत. म्हणून रविवार असूनही त्यांचं काम मी हसतमुखाने अंगावर घेतलं.

त्या तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडजवळ आमची जुनी चार मजली सोसायटी. सगळ्यांकडे फायबर आलं. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल इंटरनेट धरून बसलेलं एकच घर उरलं, काकूंचं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणी विषय काढत नसे. सीतारामकाका टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करत. निवृत्तीनंतर ते विसरायला लागले. नऊ महिन्यांपूर्वी, संध्याकाळी पाच वाजता, लाईन तपासायचा जुना टेस्ट फोन खांद्याला अडकवून ‘ड्युटीवर जातो’ म्हणून निघाले आणि परत आलेच नाहीत. पोलीस झाले, फोटो लावून झाले, ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत इस्पितळं पालथी घालून झाली. मीही सोबत हिंडलो. वायर सोलायला मला त्यांनीच शिकवलं होतं, मी आठवीत असताना.

“शेवटी शेवटी माझं नाव आठवायचं नाही त्यांना,” काकू म्हणाल्या, “पण हा नंबर पाठ होता. तो कसा बंद करू रे?”

बंद करायचं म्हणत होती ती त्यांची मुलगी गार्गी. ती पार्ल्याला राहते, एका लॅबमध्ये काम करते, आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा एवढाच वेळ तिला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलायला मिळतो. मोबाइलला त्या घरात रेंज नाही. आणि महिनाभर रोज सहा-वीसला लाईन तुटत होती.

“आई बोलता बोलता थिजते स्क्रीनवर. माझा जीव जातो यार,” गार्गी मला म्हणाली. “प्रबुद्ध, तू शेवटचं बघ. महिनाअखेरपर्यंत नाही झालं तर फोन सरेंडर, घराला कुलूप, आणि आई माझ्याकडे. बस.”

मी पवईला एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. डीएसएल हा माझा जुना नाद. मोडेमबरोबर जे फर्मवेअर येतं, म्हणजे त्याला चालवणारी जी आज्ञावली, ती अगदीच मठ्ठ असते; लाईन गेली एवढंच सांगते, का गेली ते नाही. मी ती पुसून माझी स्वतःची घातली. नॉइज मार्जिन सहावरून बारावर नेलं. सोप्या भाषेत सांगायचं तर वेग थोडा कमी केला आणि तोल जास्त ठेवला. अशा लाईनीला सहसा धाड भरत नाही. काकूंनी मला पोहे दिले. मी ऐटीत खाल्ले.

सोमवारी सहा वाजून वीस मिनिटांनी लाईन तुटली. चार मिनिटांनी परत आली.

मला राग आला. माझ्या फर्मवेअरमध्ये एक चाचणी आहे. मोडेम तारेत एक ठोका सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो त्यावरून सांगतो, की तारेला वाटेत कुठे, किती मीटरवर, काहीतरी जोडलेलं आहे. लाईन तुटली की ही चाचणी आपोआप होईल अशी व्यवस्था केली. मंगळवारी आकडा आला २१४०. काकूंच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तार बरोबर तेवढीच आहे. म्हणजे दोष एक्स्चेंजच्या दारात. चला, आपली सुटका, असं मला वाटलं.

बुधवारी आकडा आला १८८०. गुरुवारी १५१०. शुक्रवारीही १५१०. शनिवारी १२६०.

रविवारी लाईन तुटलीच नाही. साप्ताहिक सुट्टी घेणारा बिघाड मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी तारेचा जुना नकाशा मिळवला. प्रत्येक आकड्यावर एक पेटी होती. रस्त्याकडेला त्या गंजक्या लोखंडी पेट्या उभ्या असतात ना, पोस्टर चिकटवलेल्या, त्या. पुढची नऊशे मीटरवर, गव्हाणपाड्याच्या वळणावर. सोमवारी ऑफिसातून लवकर निघालो आणि सहापासून तिच्यासमोर उभा राहिलो. समोर इस्त्रीवाला कपड्यांवर इस्त्री फिरवत होता, शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. पेटीच्या कडीवर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं. साडेसहापर्यंत तिच्याजवळ कोणीही फिरकलं नाही. जाळंही हललं नाही. मला स्वतःचंच हसू आलं.

घरी येऊन नोंद बघितली. सहा-वीस. ९००.

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण आमच्या धंद्यात घाबरलेला माणूस काहीतरी नीट करायला घेतो. मंगळवारीही आकडा आला ९००, बुधवारी ३४०, गुरुवारी ६०, शुक्रवारी १४. चौदा मीटर म्हणजे आमच्याच जिन्याखालची पेटी. शनिवारी सकाळी ती उघडली. काकूंच्या तारांच्या जोडीच्या स्क्रूंवर वीतभर जुनी वायर बांधलेली होती, दुसरं टोक मोकळं, सोलून स्वच्छ ठेवलेलं. बांधणी सीतारामकाकांची होती. असा डावीकडून घेतलेला पीळ दुसरं कोणी देत नसे.

तारेवर लटकती वायर ठेवायची नाही, हा डीएसएलचा पहिला धडा. तिच्यामुळेच सगळं होतंय अशी मी स्वतःची समजूत घातली. आकडे रोज का बदलत होते, ते विचारायचं सोडून दिलं. पक्कड घेतली आणि वायर कापली.

त्या संध्याकाळी लाईन तुटली नाही. सहा-वीसला मी काकूंच्या घरीच होतो. स्क्रीनवर गार्गी टाळ्या वाजवत होती.

“झकास रे! आई, ठेव बाई तुझा फोन. काढत नाही मी.”

काकू हसल्या नाहीत. कॉल संपल्यावर त्या कोपऱ्यातल्या काळ्या फोनकडे बघत राहिल्या, तो जुना, आत खरी घंटी असलेला.

“आज वाजला नाही,” त्या म्हणाल्या.

“काय वाजलं नाही?”

“घंटी. रोज एकदाच वाजते, किण्ण अशी. हे ड्युटीवरून निघाले की वाटेतल्या पेटीवर टेस्ट फोन लावायचे आणि डायल जरा फिरवायचे. मग इथे किणकिणायचं. मी उचलून म्हणायची, ‘हो, टाकते.’ घरी पोहोचेपर्यंत चहा तयार. तीस वर्षं तेच.”

“आणि आता?”

“महिनाभर रोज येते. लाईन जाते ना, तेव्हाच.”

“काकू, मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कधी?” मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “काल फार जवळून वाजली होती रे. दारात आल्यासारखी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच जिन्याखाली गेलो, कापलेली वायर कचऱ्यातून शोधून काढली, पुन्हा बांधली. तो डावा पीळ मला जमला नाही.

त्यानंतर लाईन तुटली नाही. मी रोज सहा-वीसला स्वतः चाचणी घेत होतो. सोमवारी ३४०. मंगळवारी १२६०. बुधवारी २१४०. गुरुवारी ३३००.

आमची तार तेवढी लांब नाही. शुक्रवारी काहीच आलं नाही.

काकूंनी संध्याकाळचा चहा टाकणं सोडलं. त्या फोनजवळ बसून राहत. समोर स्क्रीनवर गार्गी बोलत असे आणि या हुं हुं करत. शेवटी त्यांनीच तिला सांगितलं, की मी येते पार्ल्याला. लाईन आता उत्तम चालत होती, तिच्यासारखी लाईन अख्ख्या मुलुंडात कोणाची नव्हती, आणि ती काढून टाकायचा फॉर्म काकूंच्या टेबलावर सही होऊन पडला होता. सोमवारी द्यायचा होता. हे माझ्या हाताने झालं होतं.

रविवार मध्ये होता. शनिवारी मी ऑफिसातला टेस्ट फोन घरी आणला.

हे फसवणं होतं, मला ठाऊक आहे. पण मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा चहा टाकावा.

सहा-वीसला जिन्याखालची पेटी उघडली. काकांच्या वायरीला दोन्ही चिमटे लावले, फोन कानाला धरला आणि एक आकडा डायल केला. भिंतीपलीकडे घंटी किणकिणली.

खुर्ची सरकली. फोन उचलला गेला.

“हो,” काकूंचा आवाज आला. “हो, टाकते.”

मी फोन कानाशीच धरून ठेवला. चिमट्यांकडे हात नेला.

तारेवर कोणीतरी खोकलं.

“तीन कप टाक,” सीतारामकाका म्हणाले.

मी चिमटे काढले. पेटी बंद केली. जिन्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. फाटकाजवळ दूधवाल्याची सायकल उभी होती, वरच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली.

काकूंचं दार उघडंच होतं. चहाचा वास बाहेरपर्यंत आला होता. टेबलावर दोन कपांवर बशा झाकलेल्या होत्या, तिसऱ्यात त्या चहा गाळत होत्या. लाईन काढायचा फॉर्म गरम पातेल्याखाली होता, मधोमध काळा पडलेला.

“ये, बस,” काकू म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्या हसत होत्या. “हे हातपाय धुतायत.”

मोडेमचा दिवा लाल होता. आत मोरीत पाणी वाहत होतं.

मी बसलो. कप हातात घेतला.

मोरीतला नळ बंद झाला.