दोन वाजून दहा मिनिटं, शून्य सेकंद

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात मोठ्यांच्या झोपेच्या औषधाचा अंश सापडला. नशीब, प्रयोगशाळेतच सापडला. एकही बाटली फाटकाबाहेर गेली नव्हती. टाकी न धुताच तिच्यात दुसरं औषध बनवलं गेलं होतं, हे उघड होतं. इलेक्ट्रॉनिक नोंदवही मात्र ठामपणे सांगत होती : टाकी स्वच्छ, मंगळवार, दुपारी २:१०:००. नोंद करणाऱ्या – मावशी.

औषधाच्या कारखान्यात खोटी नोंद म्हणजे थेट घरचा रस्ता. टाक्या धुण्यात हयात घालवलेल्या मावशींच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. आज पाच वाजता त्यांच्या हातात पत्र पडणार होतं.

"पाचपर्यंत थांबा," बाई मालकांना म्हणाल्या.

बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. आता खासगी तपास करतात. त्यांना बोलावलं होतं त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीनं, गुणवत्ता विभागातल्या तरुण अधिकारी मुलीनं. घरी तिचं दीड वर्षाचं बाळ. प्रयोगशाळेचा अहवाल वाचला त्याच दिवशी तिनं बाईंना फोन केला होता.

मावशी आल्या त्या पदराला हात पुसतच.

"धुतली नाही हे खरं, बाई. पण धुतली असं लिहिलंही नाही. सकाळी माझ्या नावानं संगणकाचा पडदा उघडला, दुपारी जेवायला गेले. परत येऊन बघते तर पडद्यावर टाकी हिरवी, म्हणजे धुतलेली! म्हटलं, जोडीदारणीनं उरकलं असेल. टाकीवरची 'धुवायची आहे'ची लाल पाटी काढून ठेवली."

"तिला विचारलं नाही?"

"हिरव्याला काय विचारायचं? आधी आम्ही टाकीत डोकावायचो. गेले तीन महिने पडद्यात डोकावतो."

बाईंनी मावशींच्या त्या दिवसाच्या नोंदी कागदावर उतरवल्या. ९:०५:१४. ११:४२:३७. २:१०:००. ४:१८:५२.

"काही दिसतंय का?"

"चार नोंदी," मुलगी म्हणाली.

"शाळेतही तू उत्तराआधी बेरीजच करायचीस."

मग मीटरवाला आला. "मंगळवारी त्या टाकीच्या मीटरची तपासणी होती. तळाशी एक दांडी असते, धुतल्यावर निघणारं पाणी किती शुद्ध ते सांगते. ती काढली, शुद्ध पाण्याच्या भांड्यात बुडवली, आकडा बरोबर आला, परत लावली. दोन ते सव्वादोन. माझ्या वहीत आहे."

"टाकीला हात लावलात?"

"छे! त्या बायका माझाच मीटर काढतील."

शेवटी संगणकवाला. तो आला तोच हात झटकत. "धुऊन झाल्यावर नोंद करायला बायका विसरायच्या. म्हणून नियम घातला. पाणी सलग दहा मिनिटं शुद्ध आलं की नोंद आपोआप होते. नियम दर मिनिटाच्या ठोक्याला मीटर बघतो."

"आणि नाव कुणाचं पडतं?"

"ज्याच्या नावानं पडदा उघडा असेल त्याचं. मला सांगितलं तसं लिहिलं हो. चाचण्या यांच्या गुणवत्ता विभागानं घेतल्या."

बाईंनी चाचण्यांची फाईल मागितली. मुलीनं ती कपाटातून काढून दिली. सात चाचण्या, प्रत्येकीपुढे सहीची छापील वेळ. बाईंचं बोट एकेका ओळीवरून उतरत गेलं आणि शेवटच्या दोन ओळींवर थांबलं.

"बाळ कसं आहे गं?"

"बरं आहे," ती म्हणाली.

पाच वाजता सगळे मालकांच्या खोलीत जमले. टेबलावर ते पत्र होतं.

"माणसानं नोंद केली की सेकंद कसेही पडतात," बाई म्हणाल्या. "चौदा, सदतीस, बावन्न. ठोक्यावर पडतो तो नियम. मंगळवारी दोन वाजता दांडी टाकीबाहेर होती, भांड्यातल्या शुद्ध पाण्यात. नियमाला भांडं काय नि टाकी काय! त्यानं दहा मिनिटं शुद्ध पाणी पाहिलं आणि टाकी धुतली असं लिहून मोकळा झाला. पडदा मावशींच्या नावानं उघडा होता. मावशी तेव्हा जेवत होत्या."

"मग हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मालकांनी विचारलं.

"आलं होतं. चाचणी क्रमांक सात : दांडी टाकीबाहेर असताना नियम थांबतो का? ही चाचणी घ्यायला निदान दहा मिनिटं लागतात. सहावी आणि सातवी, या दोन सह्यांमध्ये चाळीस सेकंद आहेत." बाईंनी फाईल मिटली. "पुढचं वाक्य माझं नाही."

मुलीला चाचण्यांची ती दुपार आठवली. सासूबाईंचा फोन, बाळ तापानं फणफणलंय, लवकर ये. रिकामी उरलेली एकच चौकट. त्या दहा मिनिटांत ती रिक्षात बसलीही होती. बाईंना बोलावताना तिला वाटलं होतं, आपल्याहून मोठी चूक कुणाची तरी सापडेल.

"सातवी चाचणी मी घेतलीच नाही," ती उभी राहून म्हणाली. "नुसती सही केली. खोटी नोंद माझी आहे, मावशींची नाही."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, तीन दिवस मला झोपू दिलं नाहीस गं," एवढंच म्हणाल्या. तिला वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालकांनी पत्र फाडलं. त्याचा नाव न घातलेला कोरा लिफाफा मात्र फाडला नाही. तो टेबलावर तसाच राहिला.

जागेवर परत येऊन तिनं नोंदवही उघडली. दुरुस्ती. कारणाच्या चौकटीत तिनं लिहिलं : चाचणी घेतली नव्हती, मला घरी जायची घाई होती. मग दोनदा वाचून बटण दाबलं.

तिच्या नावापुढे वेळ उमटली. ५:२६:४३.