पार्ट अजून आला नाही

माझी गाडी बंद पडली ती नवव्या होलच्या चढावर, भर दुपारी, फ्रिजमध्ये साठ बाटल्या पाणी असताना. आवाज नाही, धूर नाही... नुसती थांबली. विजेवरच्या गाड्यांचं हेच वाईट. पेट्रोलची गाडी मरताना निदान खोकते तरी!

गोल्फच्या मैदानावर मी पाण्याची गाडी चालवते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अठरा होल, तीन फेऱ्या. सगळे मला पाणीवाली म्हणतात. दिवसभरात शंभर माणसं माझ्याशी बोलतात आणि सगळी मिळून दोनच वाक्यं बोलतात — ‘थंड आहे ना?’ आणि ‘अजून एक दे.’ म्हणून तर मी गाडीत रेडिओ बसवून घेतला होता. फ्रिज होताच. मग एक छोटा पंखा आला, मग फोन चार्ज करायचा पॉइंट. फोन कायम शंभर टक्के भरलेला असायचा. भरलेलाच राहणार, रविवारी ताईचा सोडला तर मला फोन येतो कुणाचा?

तर मी चढावर कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात खालून एक माणूस हातात अवजारांची बॅग घेऊन येताना दिसला. दुरुस्तीच्या कंपनीचा मेकॅनिक. मैदानावरच्या चौदा गाड्या तपासायला त्याच दिवशी आला होता आणि शेडचा रस्ता चुकला होता.

“उतरा जरा,” तो म्हणाला आणि त्याने सीट उचलली. खाली सहा बॅटऱ्या ओळीने बसलेल्या. त्याने खिशातून मीटर काढलं, एकेकीला दोन सुया टेकवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

“ही वायरिंग कुणी केली?”

“का?”

“सांगा तर.”

“मी.”

“मग मला एक सांगा — या कडेच्या दोघींनी तुमचं काय घोडं मारलंय?”

मला असा राग आला! रेडिओला, पंख्याला बारा व्होल्ट लागतात. एकेक बॅटरी सहाची. सहा आणि सहा बारा. चुकलं कुठे?

“बेरीज बरोबर आहे हो,” तो म्हणाला. “पण फ्रिज, पंखा, रेडिओ, फोन... सगळं या दोघींच्याच डोक्यावर. संध्याकाळी चार्जर सहाही जणींना सारखंच वाढतो. चौघींचं पोट आधीच भरलेलं, त्यांना अजीर्ण होतं. या दोघी मात्र रोज अर्धपोटी उठतात. आज बसल्या.”

“माझ्या बाबांनी शिकवलंय मला वायरिंग.”

“मग बाबांनाच बोलवा.”

“गेले ते. मागच्या वर्षी.”

त्याने वाकून माझ्या वायरच्या जोडावरून अलगद बोट फिरवलं.

“काय दुरुस्त करायचे ते?”

“स्कूटर.”

“तरीच. स्कूटरला बॅटरी एकच. तिथे हे अगदी बरोबर आहे.” तो थांबला. “आणि जोड... फार सुंदर दिलाय.”

वर्षभरात माझ्या कशालाही कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. जोडाला का होईना, पण माझ्याच!

यावर उपाय होता कन्व्हर्टर. तळहाताएवढी डबी. ती सहाही बॅटऱ्यांकडून थोडं थोडं घेते आणि बारा व्होल्ट करून देते. पण ती मागवावी लागणार होती. तोवर या दोघींना रोज रात्री वेगळं चार्ज करायचं आणि फ्रिज सोडून सगळं बंद, असं त्याने जाहीर केलं.

“रेडिओसुद्धा?”

“रेडिओसुद्धा.”

“रेडिओशिवाय माझा दिवस जात नाही...” मी म्हणाले. माझा आवाज कसा झाला होता कुणास ठाऊक, त्याने एकदम वर बघितलं.

“मी येतो ना फेरीला,” तो म्हणाला. “बॅटऱ्यांचं माप घ्यावंच लागणार आहे.”

आणि तो खरंच आला. सकाळी बाकीच्या गाड्या करायचा, दुपारी माझ्या शेजारी. दर तिसऱ्या होलला आम्ही दोघं उतरायचो, तो सीट उचलायचा, आकडे सांगायचा, मी वहीत लिहायचे. मी त्याचं नाव मीटर ठेवलं. त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने तक्रार केली नाही.

“घरी कोण कोण?” मी एकदा विचारलं.

“घर म्हणजे... ही बॅग,” तो हसला. दोन आठवडे एका गावी, दोन आठवडे दुसऱ्या. लॉजच्या खोल्या. तेरा वर्षं हेच. “आणि तुमच्या?”

मी सांगितलं. बाबा गेल्यावर ताई आली होती. पाचव्या दिवशी तिने बॅग भरली. ‘अजून चार दिवस राहा गं’ एवढंच म्हणायचं होतं मला. ते म्हटलं नाही. ‘जा तू, मी आहे ठीक,’ असं म्हणून वर तिची बॅग रिक्षात ठेवून दिली.

“मागितलं असतं तर राहिली असती?”

“बहुतेक.”

“मग?”

“मला मागता येत नाही.”

बाराव्या होलला आम्ही सीट उघडून उभे होतो आणि गवतावरचे फवारे अचानक सुरू झाले. पठ्ठ्याने अंगातलं जाकीट काढून बॅटऱ्यांवर टाकलं!

“आणि मी भिजले ती?” मी ओरडले.

“तुम्हाला गंज चढत नाही.”

“चढला असला तर?”

त्याने माझ्याकडे बघितलं. पापण्यांवरून पाणी गळत होतं त्याच्या. “दिसत तर नाही,” तो हळूच म्हणाला. ओल्या गवताचा वास, थंड पाणी, आणि माझे कान मात्र गरम... आमच्यातलं ‘तुम्ही’ त्याच दिवशी कधीतरी गळून पडलं.

बुधवारी पार्ट आला. स्टोअरवाले काका जेवायला गेले होते, म्हणून रजिस्टरमध्ये सही मीच केली. डबीवर माझ्याच गाडीचा नंबर होता. संध्याकाळी मी ती शेडमधल्या मीटरच्या फळीवर ठेवली आणि घरी गेले. डबी बसली की त्याचं इथलं काम संपणार, एवढं मला कळत होतं. रात्रीची भाजी तशीच राहिली.

गुरुवारी चेहरा नीट करून आले. तो हात पुसत पुसत आला आणि म्हणाला, “पार्ट अजून आला नाही.”

“अरेरे,” मी म्हणाले. इतकं खोटं अरेरे मी जन्मात कधी म्हटलं नसेल.

शुक्रवारीही आला नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही. “या कंपन्या म्हणजे...” तो मान हलवायचा आणि मीही हलवायचे. दिवसा असं हसू फुटायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पूर्वीपेक्षा जास्त एकटं वाटायचं. पूर्वी निदान कुणाच्या नसण्याची सवय झाली होती. आता एक ठरावीक माणूस तिथे नसायचा.

पुढच्या शुक्रवारी मॅनेजरसाहेब शेडमध्ये तरातरा आले. रविवारी स्पर्धा होती. एका हातात डबी, दुसऱ्या हातात रजिस्टर.

“नऊ दिवस हा पार्ट तुमच्या फळीवर पडून आहे!” ते मीटरवर गरजले. “आणि सही कुणाची आहे बघा. हिची!”

सगळे माळी बघत होते. मीटर माझ्याकडे, मी जमिनीकडे.

“आज संध्याकाळपर्यंत बसला पाहिजे. आणि तुम्हाला कंपनीने सोमवारी दुसरीकडे बोलावलंय, उद्या सकाळी निघा.”

आम्ही कामाला लागलो. त्याने माझ्या जुन्या वायरी सोडवल्या, डबी घट्ट बसवली, फ्यूज घातला. मग पक्कड माझ्यापुढे केली.

“शेवटचा जोड तू दे. तुझा हात चांगला आहे.”

मी मुद्दाम सावकाश दिला. पण एका जोडाला वेळ लागून लागून किती लागणार? रेडिओ खणखणीत लागला. मी तो बंद केला.

“एक विचारू?” मी म्हणाले. “माझी कीव आली होती का तुला? म्हणून थांबलास?”

“कीव आली असती तर गुरुवारीच बसवून दिला असता.” तो अवजारं पुसत होता. तीच तीच. “तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?”

“तू गेला असतास.”

त्याने बॅगेची चेन लावली. बॅग खांद्यावर घेतली. माझ्या तोंडात ‘जा तू, मी आहे ठीक’ हे अगदी तयार होतं. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य... नुसतं सोडायचं होतं. मी ते गिळलं.

“जाऊ नकोस,” मी म्हणाले.

तो उभाच राहिला. “नाही गेलो तर नोकरी जाईल.”

“मग जा. पण तिकडचं काम संपलं की इकडे ये. मला तू आवडतोस. इथे काही बिघडलेलं नसलं तरी ये.”

बॅग त्याने खाली ठेवली, आणि त्याचे डोळे भरून आलेले मला दिसले.

“तेरा वर्षांत,” तो म्हणाला, “काही बिघडलेलं नसताना मला कुणी बोलावलं नाही गं.”

“मी बोलावतेय.”

“पंधरा दिवस लागतील.”

“लागू देत.”

“आणि येऊन करू काय? बिघडलेलंच काही नसेल तर?”

“माझ्या शेजारी बस,” मी म्हणाले. “नुसता बस.”