रिकाम्या पडावाची सहल

तुळसा आता नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी उगाच आशा धरायला नको. मी धरली होती. तिचा काही उपयोग झाला नाही.

ती मला पहिल्यांदा दिसली ती चिखलात बसलेली. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. कोलशेतच्या खाली, खाडीला लागून मिठागरं होती. आमचा पडाव, म्हणजे माल वाहायची मोठी होडी, तिथं मीठ भरायला लागायचा. काठावरून पडावावर एक लांब फळी टाकायची आणि बाया मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन तिच्यावरून यायच्या. फळीचं पडावाकडचं टोक धरून बसणं हे माझं काम. त्या दिवशी एक घार पाण्यावर झेपावली, मी तिकडं बघितलं, फळी सरकली आणि एक मुलगी पाटीसकट खाली.

मला हसू आलं. तिच्या केसांवर, पापण्यांवर मीठ बसलं होतं आणि ती एक डोळा मिटून माझ्याकडं बघत होती.

"दात काय काढतोस? तांडेल हायस तू?"

पडावाचा जो मुख्य, तो तांडेल. मी साधा खलाशी होतो.

"नाय. खलाशी."

"मग हात दे, तांडेल."

मी वाकून हात दिला. तिचा हात खरखरीत होता, मिठानं जागोजागी चिरलेला. उठण्याऐवजी तिनं तो हात ओढला आणि मीही तिच्या शेजारी चिखलात बसलो.

"आता हस," ती म्हणाली.

मागून आमचे खरे तांडेल, काळुरामकाका, ओरडले, "अरे गोपीनाथ, मीठ भरायला आलायस की पोरी?" सगळ्या बाया खिदळल्या. तुळसा नाही हसली. ती पाटीत मीठ गोळा करत होती, पण खालमानेनं माझ्याकडं बघत होती.

पुढच्या खेपेला मी फळी दोन्ही हातांनी धरली. ती येताना थांबली.

"हे मीठ जातं कुठं रे?"

"कल्याणला."

"तिथं काय हाय?"

"बंदर हाय. मोठा बाजार हाय. सिंधी लोकांची नवी दुकानं झालीत. खाडीच्या काठाला दुर्गाडीचा किल्ला, वर देवीचं देऊळ."

तिनं पाटी पडावात ओतली आणि कमरेवर हात ठेवला. "म्हणजे माझ्या डोक्यावरचं मीठ कल्याण बघून आलं, आणि मी खोपटाच्या पुढं गेले नाय!"

"मग चल की."

"नेशील?"

आता माझी पंचाईत झाली. काळुरामकाकांचा नेम होता, बाईनं फळीवरूनच पाटी ओतायची, भरल्या पडावात पाय ठेवायचा नाही. मीठ उतरेपर्यंत तर नाहीच. मी तिला ते सांगितलं.

"आणि रिकाम्या पडावात?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"रिकाम्याचं... काय बोलले नायत."

"मग मी रिकाम्यातनं येईन," ती म्हणाली आणि रिकामी पाटी घेऊन फळीवरून परत गेली. जाताना मागं वळून बघितलं नाही. फळीच्या टोकाला पोचल्यावर मात्र बघितलं.

तिथून पुढं आमचं बोलणं त्या सहलीचंच. मी कल्याणहून आलो की ती एकेक ठिकाण विचारून घ्यायची. ठाकुर्लीच्या वीजघराची चिमणी खाडीतून दिसते का? डोंबिवलीची माणसं कशी असतात? मुंब्र्याच्या डोंगराला पाण्याजवळ कातळ आहे की माती? मी तोवर कैक वेळा ती वाट केली होती, पण तिनं विचारल्यावर कळायचं की आपण नीट बघितलेलं नाही. मग पुढच्या खेपेला बघून यायचो, तिला सांगण्यासाठी.

एकदा मी धीर केला. म्हटलं, "रिकामा झाला तरी पडाव हाय. परक्या पोरीला त्यात कोण घेईल? आधी लगीन करावं लागेल."

"म्हणजे पडावासाठी लगीन?"

"नाय... तसं नाय..."

"मग कसं?"

मी फळीचं टोक नुसतं घट्ट धरून बसलो. ती खाली फळीकडं बघून म्हणाली, "आता बरी धरतोस. अशीच धर."

वैशाखात आमचं लग्न झालं. त्याच हंगामात तिची मैत्रीण शालू हिचं पंढरीशी आणि सगुणाचं राघोशी झालं. तिघीही मिठागरातल्या. तुळसानं त्या दोघींना आमच्या सहलीत ओढलं. "तिघी तीन घरचे तांदूळ आणू, सुकट आणू. पडाव रिकामा येतोच. आपल्याला कोण पैसे मागतोय?" पांढरपेशे लोक लग्न झाल्यावर जोडीनं माथेरानला जातात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. "आपलं माथेरान खाडीत," ती म्हणायची.

मिठागराच्या एका रिकाम्या वाफ्यात तिनं सगळी वाट काढून दाखवली. पायाच्या अंगठ्यानं ओल्या चिखलात खाडी ओढली. शालू, सगुणा, त्यांचे नवरे आणि मी, सगळे बांधावर बसलो होतो.

"हे ठाणं. इथनं आगीनगाडीनं जायचं. पारशिकचा बोगदा लागेल."

"बोगद्यात काय करायचं?" पंढरीनं डोळा मारत विचारलं.

"तू भ्यायचं. शालू तुला धरेल."

शालूनं तोंडावर पदर घेतला. तुळसा पुढं गेली. "हे कल्याण. दुर्गाडीवर देवीची ओटी भरायची, बाजार बघायचा. मग पडावात बसायचं. ही ठाकुर्लीची चिमणी. हे डोंबिवलीखाली मोठागाव, इथं पहिला थांबा. हे मुंब्रा, इथं दुसरा. मग घर."

"दोन थांबे?" मी म्हणालो. "उधाणाच्या ओहोटीला निघालो तर एका दमात घरी येऊ."

उधाण म्हणजे पुनवेच्या-अमावास्येच्या मोठ्या भरतीचे दिवस. तेव्हा पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी चढतं थोडंसं, उतरतं त्याहून आळसात. भांगाला पडाव चालत नाही, रांगतो. मधेच ओहोटी संपते आणि पुढच्या ओहोटीपर्यंत काठाला थांबावं लागतं. कुठलाही खलाशी भांगाला शिव्याच घालतो.

"म्हणूनच भांगाला निघायचं," तुळसा म्हणाली. "पुनवेला तुम्ही मीठ घेऊन जाता. ते उतरेस्तवर अष्टमी येते. मला लवकर घरी येऊन काय करायचं हाय? पाटीच उचलायचीय ना? सावकाश यायचं. थांबत थांबत."

असं बोलणारं माणूस मी खाडीवर दुसरं बघितलं नाही.

संध्याकाळी वाफ्यात पाणी सोडलं. ती बांधावर उभी राहून बघत होती. आधी मुंब्रा गेलं, मग डोंबिवली. मी म्हटलं, "वाईट वाटतंय?"

"कशाला? मला पाठ हाय." मग म्हणाली, "एक विचारू, तांडेल? परतीला सुकाणू कोण धरतं?"

"मीच. काळुरामकाका रिकाम्या खेपेला झोपतात."

"सुकाणू धरलंस की तू पाण्याकडं बघतोस."

"बघावंच लागतं. नायतर पडाव चिखलात जाईल."

"मग माझ्याकडं कोण बघेल?"

मी हसलो. ती हसली नाही.

पावसाळ्यात पडाव काठावर ओढून ठेवतात. सहल दिवाळीनंतरची ठरली. भादव्यात तुळसाला हिवताप आला. आला, गेला, पुन्हा आला. ठाण्याच्या डॉक्टरांनी कडू गोळ्या दिल्या. त्या तिनं घेतल्या. थंडी भरली की मी घरातलं होतं नव्हतं ते सगळं तिच्या अंगावर घालायचो आणि वरून धरून बसायचो, तरी तिचे दात वाजायचे.

"फळीसारखं धरलंयस," ती म्हणाली एकदा.

ताप उतरला की विचारायची, "कार्तिकातला भांग कवा?"

"वद्य अष्टमीला."

"तोवर मी उभी ऱ्हाईन."

"ऱ्हाशील."

आश्विनात ती गेली. दुपारची वेळ होती. मी पाणी आणायला उठलो होतो.

त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही. लोक येत होते, बोलत होते. मी जेवत होतो, का ते कळत नव्हतं. दिवाळी झाली. पडाव पाण्यात उतरला. पुनवेच्या उधाणाला आम्ही मीठ भरलं. फळीवरून बाया येत होत्या आणि मी टोक धरून बसलो होतो. कुणी हसत नव्हतं.

निघताना शालू आली. डोळे सुजलेले. "गोपीनाथभाऊ, आम्ही अष्टमीला कल्याणला येणार. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. पण तिनं एवढं ठरवलेलं..."

"या," मी म्हणालो. मला वाटलं, सुकाणू हातात असेल. पाण्याकडं बघायचं असतं, माणसांकडं नाही. तेवढा एक दिवस निघून जाईल.

अष्टमीला सकाळी ते चौघं कल्याण बंदरावर आले. नवी लुगडी, हातात गाठोडी. सगुणा सांगत होती, "बोगद्यात पंढरीच ओरडला!" पंढरी म्हणत होता, "राघोनं माझ्या पायावर पाय दिला म्हणून." मग त्यांनी मला बघितलं आणि बोगदा तिथंच राहिला. दुर्गाडीवर ओटी भरून झाली होती. शालूनं प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला. तो कुणाच्या नावच्या ओटीचा, हे तिनं सांगितलं नाही.

ओहोटी लागली. आम्ही पडाव सोडला. मी सुकाणूवर गेलो. दोन्ही जोडपी पुढं नाळीजवळ, पडावाच्या टोकाशी बसली, आणि त्यांच्या मधे थोडी जागा मोकळी राहिली. तिथं कुणी गाठोडंसुद्धा ठेवलं नाही.

किल्ला मागं पडला तसे काळुरामकाका उठले. नेहमी ते यावेळी घोरत असत. ते माझ्यापाशी आले.

"ऊठ."

"मी धरतो की, काका."

"ऊठ म्हणतोय."

"काय चुकलं माझं?"

म्हातारा खाडीकडं बघत बोलला. "लग्नानंतर तुझी बायको माझ्याकडं आलेली. डोक्यावरची पाटी उतरवून पाया पडली. म्हणाली, काका, आम्ही परत येऊ तेव्हा सुकाणू तुम्ही घ्या. माझ्या माणसाला तेवढ्या वाटेपुरता मोकळा सोडा. मी हो म्हटलं."

"पण आता..."

"ती गेली. माझा शब्द नाय गेला."

"काका, पाया पडतो. मला मोकळा नका सोडू."

त्यांनी माझी बोटं एकेक करून सुकाणूवरून सोडवली. "जा, पोरा. तिनं मागितलेलं एवढंच हाय माझ्याकडं."

मी नाळीजवळ गेलो आणि त्या मोकळ्या जागेत बसलो. अर्ध्याच जागेत. हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी नारळ धरून बसलो.

पाणी हलत नव्हतं म्हटलं तरी चालेल. काठावर एक बगळा उभा होता, तो किती तरी वेळ आमच्या बाजूलाच राहिला. मी पहिल्यांदाच त्या वाटेवर नुसता बसलो होतो. तिच्या प्रश्नांची उत्तरं एकेक करून काठावरून येत होती. चिमणी खाडीतून दिसते. धूर वाऱ्यानं कल्याणकडं वळतो. मोठागावच्या अलीकडं काठ लाल मातीचा आहे. हे सगळं सांगायला तोंड उघडावं आणि शेजारी बघावं, तर तिथं फळकुट आणि त्यावर वाळलेलं मीठ.

मागं वळून मी म्हणालो, "काका, वल्हं तरी मारू द्या. लवकर पोचू."

"लवकर नको म्हणालेली," काका म्हणाले.

शालू रडायला लागली. पंढरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्याकडं बघून काढला.

"ठेव रे," मी त्याला म्हणालो. "ठेव हात. तिनं त्यासाठीच तुम्हाला आणलंय."

त्यानं पुन्हा ठेवला. सगुणा राघोला टेकून बसली. मी समोर बघत राहिलो.

मोठागावाशी ओहोटी संपली. पाणी जागच्या जागी थांबलं. तिनं अंगठ्यानं खूण केली होती, बरोबर तिथंच. राघोनं दोर टाकला, बायांनी चूल मांडली, तांदूळ धुतले. शालूनं पानं मांडली तेव्हा एक पान जास्त मांडलं गेलं. तिनं ते उचललं नाही, मीही उचलू दिलं नाही.

मी काकांना विचारलं, "पुढची ओहोटी कवा?"

"भांग हाय," काका म्हणाले. "येईल तवा येईल."

अजून मुंब्रा बाकी होतं. निम्मी वाट बाकी होती.